कोल्ड ब्रू ओट्यावर नको, फ्रिजमध्ये मुरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की पुरवण्यांमध्ये पन्हं, कोकम, सोलकढीच्या जोडीला हल्ली कोल्ड ब्रू कॉफीची, म्हणजे गार पाण्यात तासन्‌तास भिजवून गाळलेल्या कॉफीची, कृतीही छापून यायला लागलीये, त्याचा मला आनंदच आहे, कारण ज्या ग्लासला कॅफेत अडीचशे-तीनशे रुपये मोजावे लागतात तो घरी दोन भांडी आणि एका फडक्यात होतो आणि खरं सांगायचं तर जास्त चांगला होतो. पण या कृतींमध्ये एक वाक्य हमखास असतं, की "कॉफी रात्रभर खोलीच्या तापमानाला झाकून ठेवा", आणि त्या एका वाक्यापायी हे पत्र लिहितेय.

ही कृती थंड देशांतून जशीच्या तशी उचललेली असते. तिकडे खोलीचं तापमान म्हणजे २०-२२ अंश. आपल्या पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि वरच्या मजल्यावरचं, पश्चिमेच्या भिंतीचं स्वयंपाकघर असेल तर दिवेलागणीलाही आत ३२-३३ अंश असतात, माझ्या ओट्याशेजारी थर्मामीटर टांगलेलं आहे म्हणून छातीठोकपणे सांगते. रात्री बाहेर गार वारा सुटतो हे खरं, पण तापलेल्या भिंती पहाटेपर्यंत उष्णता सोडत राहतात. अशा ठिकाणी कॉफी रात्रभर भिजत ठेवली की दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे ती पाण्यात गरजेपेक्षा जास्त उतरते, मग तो मऊपणा जातो आणि जिभेवर लाकडी, तुरट कडूपणा रेंगाळतो, आणि माणसं म्हणतात आम्ही केली होती बाई घरी पण कॅफेसारखी नाही झाली. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पन्हं, लिंबू सरबत चांगलं आंबट असतं म्हणून जंतू तिथे सहजासहजी वाढत नाहीत. अन्न टिकवण्याच्या शास्त्रात पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ४.६ ही रेघ धरतात, त्याच्या वरचा पदार्थ कमी आंबट म्हणून जास्त जपायचा, आणि कॉफी साधारण ५ च्या आसपास असते. शिवाय चहाला उकळी येते, फिल्टर कॉफीत कढत पाणी पडतं, कोल्ड ब्रूमध्ये पाणी कुठेच तापत नाही. म्हणजे पाण्यात, फडक्यात, बरणीत जे काही असेल ते तसंच राहतं आणि वर त्याला रात्रभर ऊब मिळते. हे कुणी लिहितच नाही.

उपाय काही अवघड नाही, फ्रिज. चार-पाच अंशांना कॉफी हळू मुरते म्हणून वेळ वाढवायचा, १६ ते २० तास. मी रात्री जेवणं आवरली की भिजत घालते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या वेळेला गाळते, मध्ये तिच्याकडे बघायचंही नाही. पाणी उकळून गार केलेलं घ्या, पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा तर नक्कीच. पाण्याबद्दल अजून एक, खडकवासल्याचं पाणी कॉफीला छान आहे, पण शहराच्या कडेच्या सोसायट्यांमध्ये बोअरचं नाहीतर टँकरचं जड पाणी असतं त्यात कॉफीची चव दबते, आणि उलट घरातल्या आरओने टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, अगदी ३०-४० वर आणून ठेवला असेल तर कॉफी सपक लागते. कॉफीतले जाणकार १५० च्या आसपास टीडीएस चांगला मानतात. आरओवाल्याला सांगून तो वाढवून घेता येतो, बऱ्याच मशीनमध्ये त्याचा स्क्रू असतो.

प्रमाण १०० ग्रॅम कॉफीला ८०० मिली पाणी. इथे चमच्याच्या मापावर जाऊ नका, कारण गडद भाजलेली बी फुगून हलकी होते आणि कमी भाजलेली जड राहते, त्यामुळे दोन वेगळ्या कॉफ्यांचे चार चमचे कधीच सारखे भरत नाहीत आणि मग एकदा झक्कास झाली, एकदा पाणीदार झाली अशी तक्रार सुरू होते. वजनकाटा नसेल तर दुकानातूनच शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्या बांधून आणा. आधी थोडंच पाणी घाला, सगळी भुकटी भिजेल इतकं, आणि लाकडी चमच्याने तळापासून हलवा. कॉफी ताजी असेल तर ती लगेच फुगून वर येते, बुडबुडे सुटतात, भाजताना बियांमध्ये अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो तो. पाच-दहा मिनिटांनी ते शांत झालं की उरलेलं पाणी घालून झाकण लावायचं. ही पायरी गाळली तर वरचा थर कोरडा तरंगत राहतो आणि निम्मी कॉफी फुकट जाते. आणि कॉफी शिळी असेल तर मुळात फुगतच नाही, म्हणजे तुमच्या दुकानदाराची परीक्षाही तिथेच होऊन जाते.

आता दळण. भुकटी लापशीच्या रव्याएवढी भरड हवी. आपल्याकडे दुकानात फिल्टरसाठी जी दळून मिळते ती बारीक असते, फिल्टरला ती बरोबरच आहे कारण तिथे कढत पाणी काही मिनिटंच तिच्यातून जातं, पण तीच भुकटी १६ तास पाण्यात राहिली की नको ते सगळं उतरतं, आणि गाळताना फडकं तुंबतं ते वेगळंच. घरी बी आणून मिक्सरच्या छोट्या भांड्यात दोन-दोन सेकंद चालू-बंद करत फिरवा, सलग फिरवलं तर ती तापते आणि तळाशी पीठ होतं. मग रव्याच्या चाळणीने चाळा, खाली पडलेली धूळ सकाळच्या गरम कॉफीला वापरा, वरची भरड कोल्ड ब्रूला. मिक्सरमध्ये कधी मसाला वाटला असेल तर भांड्याच्या झाकणाची रबरी रिंग काढून धुवा, हिंग-धन्याचा वास त्या रिंगमध्ये बसलेला असतो आणि थंड कॉफीत तो लपत नाही.

गाळण्यासाठी बाजारात शंभर वस्तू मिळतात, एकीचीही गरज नाही. श्रीखंडाला चक्का बांधायचं फडकं घरोघरी असतंच. आधी साधी स्टीलची गाळणी, तिच्यातून मोठा चोथा वेगळा होतो, मग फडक्याची चौघडी करून ती पाण्यातून काढून पातेल्यावर बांधायची आणि वरून सावकाश ओतायचं. ओतलं की हात मागे घ्या. सगळ्यांचा हात इथे शिवशिवतो, चक्का जसा पिळून घेतो तसा चोथा पिळावासा वाटतो, पण पिळलं की बारीक गाळ फडक्यातून खाली येतो आणि ग्लासात तळाशी चिखल बसतो, पिताना जीभ खरबरीत होते. थेंब थेंब पडू दे, अर्धा-पाऊण तास लागतो, लागू दे. फडकं मात्र वासाच्या पावडरमध्ये धुतलेलं नको, नुसत्या पाण्यात दहा मिनिटं उकळून वाळवलेलं हवं. डिटर्जंटमधलं ते फुलांचं अत्तर कॉफीत असं काही उतरतं की सगळा घाणा फेकावा लागतो. चोथा आपल्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट पाणी पिऊन बसतो, त्यामुळे ८०० मिलीतून साधारण ६०० मिली अर्क हाती येतो. तो काचेच्या बाटलीत, घट्ट झाकणात. फ्रिजमध्ये शेजारी चिरलेला कांदा किंवा लसणाची चटणी उघडी असेल तर दोन दिवसांत कॉफीला कळतं. पाच-सहा दिवसांत संपवा. आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते त्या वेळात फ्रिजचं दार सारखं उघडू नका. चोथा ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीतल्या खतात घातला तरी चालतो.

पिताना अर्क आणि पाणी निम्मं-निम्मं, वर बर्फ. बर्फ वितळून कॉफी पातळ होते म्हणून मी थोडा अर्क बर्फाच्या ट्रेमध्येच गोठवून ठेवते, ते खडे टाकले की शेवटच्या घोटापर्यंत चव तीच राहते. दूध घालायचं तर गार, सायीसकट म्हशीचं दूध फार सुरेख लागतं. साखर थंड कॉफीत पटकन विरघळत नाही, तळाशी बसते, मग लोक अजून एक चमचा घालतात आणि शेवटचा घोट सरबतासारखा होतो, त्यापेक्षा साखरेचा किंवा गुळाचा पातळ पाक करून ठेवा. गुळाचा पाक आणि गार दूध ही जोडी मला सगळ्यात आवडते, गरम दुधात गूळ घातला की कधीकधी दूध फाटतं ती भीती इथे नाही.

आता कुणी म्हणेल एवढा खटाटोप कशाला, कोथरूडला दुर्गा कॅफेची फेसाळ कोल्ड कॉफी आहे की. आहे, आणि ती मलाही आवडते, पण ते दुधाचं पेय आहे, दाट, गोड, पोटभरीचं. कोल्ड ब्रूचा मऊपणा साखरेने आणि दुधाने आलेला नसतो, तो पाण्याच्या थंडपणातून येतो. कढत पाणी, म्हणजे ९० अंशांच्या वरचं, कॉफीतली आम्लं आणि कडू द्रव्यं भराभर ओढून काढतं. थंड पाणी तेच काम सावकाश आणि अर्धवट करतं, काही गोष्टी ते नीट काढूच शकत नाही. गरम कॉफी तासभर थर्मासमध्ये राहिली की ती आंबट-कडू होते ना, तेही उष्णतेमुळे, क्लोरोजेनिक आम्ल फुटून त्याचं क्विनिक आम्ल होतं. कोल्ड ब्रूमध्ये तो प्रकार जवळजवळ होत नाही. याची किंमतही मोजावी लागते, कढत कॉफीचा तो घरभर दरवळणारा वास इथे येत नाही, कारण वास उडायलाही उष्णता लागते. ज्यांना त्या वासासाठीच कॉफी हवी त्यांनी पितळेच्या फिल्टरचीच प्यावी, मी सकाळी तीच पिते.

पण मऊ लागते म्हणजे पित्त होत नाही, हे जे सर्रास सांगितलं जातं ते तपासून छापायला हवं. आमच्या सोसायटीतले एक काका दुसऱ्यांदा ग्लास पुढे करताना दरवेळी म्हणतात, "हिच्यात अ‍ॅसिड नसतं ना, मग काय हरकत आहे." अ‍ॅसिड असतं काका. फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठातल्या दोन संशोधिकांनी वेगवेगळ्या देशांच्या कॉफ्या गरम आणि थंड अशा दोन्ही पद्धतींनी करून मोजल्या, २०१८ साली सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि दोन्हींचा पीएच जवळपास सारखाच निघाला, ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान. फरक एवढाच की गरम कॉफीत आम्लांचं एकूण प्रमाण जास्त होतं, आणि अँटिऑक्सिडंटही तिच्यातच जास्त होते. म्हणजे जिभेला मऊ लागण्याला कारण आहे, पण ज्याला अल्सर आहे किंवा रात्री घशाशी येतं त्याने थंड कॉफी औषध समजून पिऊ नये, कॅफिनने पोटातलं आम्ल वाढतं ते गरम-थंड बघत नाही.

कॅफिनचं तर जास्तच काळजीचं आहे. अरेबिका जातीच्या बियांमध्ये साधारण १.२ टक्के कॅफिन असतं, म्हणजे १०० ग्रॅममध्ये १,२०० मिलिग्रॅम, आणि इतक्या तासांत त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं. हिशोब केला तर १०० मिली अर्कात शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम येतं. रोबस्टा ही दुसरी जात घेतली तर जवळजवळ दुप्पट. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली धडधाकट मोठ्या माणसासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि गरोदर बाईसाठी २०० मिलिग्रॅम अशी मर्यादा सांगितली आहे. सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची जी मुलं रात्र-रात्र बसतात त्यांच्यात ही कॉफी आता चांगलीच पसरलीये, माझा भाचा त्यातलाच, आणि ती मुलं अर्क पाणी न घालता पितात, कडू लागत नाही म्हणून पटकन जाते, एका बैठकीत पाव लिटर. पाव लिटर म्हणजे अडीचशे ते तीनशे मिलिग्रॅम, एका वेळी. शरीरातलं निम्मं कॅफिन निघून जायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे रात्री आठला प्यायलेल्यातलं निम्मं मध्यरात्री एक वाजताही रक्तात फिरत असतं, मग पहाटे चारला झोप लागते आणि सकाळी वाचलेलं काही आठवत नाही. या मुलांना घरचं बघायला कुणी जवळ नसतं. कृती छापताना "निम्मं पाणी घाला, संध्याकाळी पाचनंतर नको" एवढं ठळक अक्षरात टाकलं तर त्यांच्या आई-वडलांचे आशीर्वाद मिळतील.

शेवटी कॉफी कोणती घ्यायची, कारण सगळं नीट करूनही इथे घात होतो. आपल्या बाजारातल्या बऱ्याच "फिल्टर कॉफी" पाकिटांत चिकोरी असते, ८०-२०, ७०-३०, कधी ५३-४७. नियमाप्रमाणे कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि टक्केवारी पाकिटावर लिहावी लागते, बारीक अक्षरात असते पण असते. चिकोरी वाईट नाही, ती एका झाडाचं भाजलेलं मूळ आहे, दुधाच्या गरम कॉफीला ती दाटपणा आणि रंग देते. पण पाण्यात ती कॉफीपेक्षा कितीतरी लवकर विरघळते, त्यामुळे कोल्ड ब्रू दोन तासांत काळाकुट्ट दिसतो, आपल्याला वाटतं झाला तयार, आणि ग्लासात मुळाची मातकट गोडी तेवढी येते. म्हणून पाकिटावर शंभर टक्के कॉफी लिहिलंय ना ते बघा. इन्स्टंट तर यासाठी नाहीच, ती आधीच उकळून वाळवलेली असते, तिच्यातून आणखी मुरणार काय.

आणि यासाठी परदेशी बी शोधायची गरजच नाही. देशातली जवळजवळ ७० टक्के कॉफी आपल्या शेजारच्या कर्नाटकात होते, चिकमगळूर आणि कोडगूच्या डोंगरांत, झाडांच्या सावलीत. बाबा बुदान यांनी मोखाहून सात बिया आणून तिथल्याच डोंगरात लावल्या अशी आख्यायिका आहे आणि त्या डोंगराला आजही त्यांचं नाव आहे. तिकडची अरेबिका, पाकिटावर सिलेक्शन ९ किंवा सिलेक्शन ७९५ असं लिहिलेलं असतं ती, मध्यम भाजलेली घेतली तर कोल्ड ब्रूला फळासारखी गोडसर चव येते. ज्यांना आंबटपणा अजिबात नको त्यांनी मॉन्सून्ड मलबार घ्यावी, पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळ्याच्या दमट वाऱ्यात बी पसरून ठेवतात, ती फुगते, फिकट पडते आणि तिचं आम्ल उतरतं, दुधातून तर ती अप्रतिम. पावकिलो पाकिटाचा दीड लिटर अर्क होतो, शंभर मिलीने धरले तर पंधरा ग्लास. कॅफेच्या बिलाशी हिशोब ज्याचा त्याने करावा.

पुण्यातल्या कॉफी दळून देणाऱ्या दुकानदारांना मात्र कळकळीची विनंती आहे. भाजल्याची तारीख पुडीवर लिहा, नुसती पॅकिंगची नको, पॅकिंग काल झालं असेल आणि बी दोन महिन्यांपूर्वी भाजलेली असेल तर गिऱ्हाइकाला काय कळणार. आणि भरड दळून मागितली तर द्या. पेठेतल्या एका दुकानात मला तोंडावर सांगितलं गेलं की "आमच्याकडे एकच दळण मिळतं, हवं तर घ्या", चक्कीचा तो कान फिरवायला अर्धं मिनिट लागतं हो, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी परत फिरवायला अजून अर्धं. तुमची कॉफी चांगली आहे, तीन-तीन पिढ्या लोक तुमच्याकडून नेतायत, ती ऑनलाइन पाकिटांपेक्षा ताजी असते, मग हे नवं गिऱ्हाईक का घालवताय.

एक विचारायचं राहिलं. आपल्या राज्यातही कॉफी होते, अमरावती जिल्ह्यात मेळघाटात, चिखलदऱ्याला, हे पुण्यात किती जणांना ठाऊक असेल देव जाणे. तिकडे फिरायला गेलेली माणसं पुडी घेऊन येतात तेवढीच ती इथे दिसते. वाचकांपैकी कुणाला ती पुण्यात वर्षभर नेमाने कुठे मिळते, आणि न दळलेली बी मिळते का, हे माहीत असेल तर त्यांनी याच सदरातून कळवावं, भाजून घ्यायची सोय मी करीन.

आपली,
एक वाचक, सहकारनगर, पुणे